विश्लेषण : परदेशात बार काढला की तिथे राहता येते का?

वाळूज आणि शेंद्र्यातील कारखान्यांमुळे छत्रपती संभाजीनगरला मद्यव्यवसाय नवा नाही. त्यामुळे परमिट रूमचा अनुभव आणि प्लॉट विकून आलेले पैसे हाताशी असलेल्यांना ‘परदेशात बार काढा, कुटुंबासह स्थायिक व्हा’ ही मोबाइलवरची जाहिरात सहज पटते. तिच्यात एक गोष्ट मात्र सांगितली जात नाही. बारचा परवाना मद्य विकण्यासाठी असतो. राहण्याचा हक्क व्हिसा देतो. दोन्ही देणारी कार्यालये वेगळी आणि अटीही वेगळ्या.

थायलंडमध्ये काय अटी आहेत?

१९९९ च्या परकीय व्यवसाय कायद्यानुसार अशा व्यवसायात परदेशी माणसाचा हिस्सा साधारणपणे ४९ टक्क्यांपर्यंतच राहतो. एका परदेशी व्यक्तीच्या वर्क परमिटसाठी कंपनीचे सर्वसाधारणपणे २० लाख बात भांडवल आणि ४ थाई कर्मचारी लागतात. उरलेले ५१ टक्के नावापुरत्या थाई भागीदारांच्या नावे करण्याची ‘सोय’ काही एजंट सुचवतात. ती बेकायदा आहे. शिक्षा ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा १० लाख बातपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भागीदार उलटला, तर दाद मागायलाही तोंड उरत नाही.

अमेरिका, ब्रिटन, जपान?

छोटा व्यवसाय काढून अमेरिकेत राहण्याचा ‘ई-२’ व्हिसा व्हिडिओंत हमखास दिसतो. तो करार असलेल्या देशांच्या नागरिकांनाच मिळतो आणि त्या यादीत भारत नाही. ‘ईबी-५’ साठी किमान ८ लाख डॉलर गुंतवणूक आणि १० पूर्णवेळ रोजगार लागतात. ब्रिटनच्या ‘इनोव्हेटर फाउंडर’ व्हिसाला कल्पनेत नावीन्य हवे. नेहमीचा बार तिथे टिकणे अवघड. जपानने ऑक्टोबर २०२५ पासून व्यवसाय व्यवस्थापक व्हिसासाठी भांडवलाची अट ५० लाख येनवरून ३ कोटी येनवर नेली.

इथून पैसे किती नेता येतात?

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. म्हणजे ‘ईबी-५’ ची रक्कम एकट्याने पाठवायची, तर चार आर्थिक वर्षांत विभागावी लागेल. गुंतवणुकीसाठी १० लाख रुपयांवरील रकमेवर बँक २० टक्के टीसीएस कापते. १ कोटी पाठवले, तर १८ लाख रुपये वेगळे तयार हवेत. ते विवरणपत्रात समायोजित होतात किंवा परत मिळतात, पण तोवर खेळते भांडवल अडकते. परदेशी कंपनीतील भागभांडवलाची नोंद बँकेमार्फत करावी लागते. हवाला किंवा मित्राच्या खात्याचा आडमार्ग ‘फेमा’च्या कचाट्यात नेतो.

मग काय करावे?

परदेशात नोकरी लावणाऱ्या एजंटला केंद्राकडे नोंदणी बंधनकारक आहे. व्यवसाय-व्हिसाचा सल्ला देणारा त्या चौकटीत येतोच असे नाही. म्हणून अटी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर स्वतः वाचाव्यात, भागीदारीचा करार तिथल्या वकिलाला दाखवावा आणि एक प्रश्न लेखी विचारावा : धंदा बुडाला, तर व्हिसाचे काय? बहुतेक ठिकाणी व्यवसाय थांबला की व्हिसाचा आधारही जातो. मुलांची शाळा, घरभाडे, सगळेच मग एका गल्ल्यावर टांगलेले असते. वडिलोपार्जित जमीन विकून निघणाऱ्याने क्रम उलटा करू नये. आधी व्हिसा, मग गाळा.