चंद्रपूरची राख, ठाण्याची काच

माननीय नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य



मी मूळची चंद्रपूरची. गेली बारा वर्षं ठाण्यात राहते. आमच्या बैठकीच्या खोलीची पश्चिमेची अख्खी बाजू काचेची आहे. तिच्यावर ना छज्जा, ना जाळी. मे महिन्यात दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उष्णता ओकतात आणि एसी पहाटेपर्यंत बंद करता येत नाही. त्याचं गरम वारं शेजारच्या गॅलरीत जातं. मागच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांनीही एसी घेतला.

ही वीज येते कुठून, हे मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथून आमच्या ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची वाहिनी टाकलेली आहे आणि एकटी ती १,५०० मेगावॅट वाहून आणू शकते. दीड टनाचा एसी रात्रभरात आठ-दहा युनिटं सहज घेतो. कोळशाच्या केंद्रात एका युनिटामागे साधारण ६०० ते ७५० ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्याकडच्या कोळशात तिसरा हिस्सा तरी राखच असते. म्हणजे माझ्या एका खोलीच्या एका रात्रीच्या गारव्याची किंमत सहा-सात किलो कोळसा आणि दोन किलो राख. वीज इकडे येते, राख तिकडेच राहते.

लहानपणी आमच्या गच्चीवर कुरड्या-पापडांचं वाळवण असायचं. आई त्यावर जुनं धोतर पसरायची आणि संध्याकाळी ते झटकलं की काळी भुकटी उडायची. आम्हाला त्याचं नवल वाटत नसे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा ८३.८८ गुणांसह चंद्रपूर चौथं आलं. पुढे जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने नवा नियम केला. दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या वीज केंद्रांना गंधकाचा वायू रोखणारी यंत्रणा बसवणं बंधनकारक राहिलं. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित भागातल्या केंद्रांचा निर्णय एकेक प्रकरण पाहून व्हायचा आहे. उरलेल्या बहुतेकांना सूट मिळाली. वस्ती मोजून श्वासाची काळजी घ्यायची, हा मला उघड अन्याय वाटतो.

तो नियम तुमच्या हातातला नाही, हे मी जाणते. पण इमारतींचे नकाशे तुमच्या खात्याच्या नियमांनुसार मंजूर होतात, आणि विजेची मागणी त्या नकाशातच ठरते. एकदा काच लागली की पुढची चाळीस-पन्नास वर्षं ती वीज मागत राहते.

मुंबईच्या विजेसाठी दुसऱ्यांनी किंमत मोजणं नवं नाही. १९२१ साली मुळशीचे मावळे सेनापती बापटांच्या मागे उभे राहिले, ते याच कारणाने. त्यांच्या जमिनी धरणाखाली बुडाल्या. चंद्रपूरकरांची हवा गेली.

उपाय शोधायला लांब जायला नको. निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या इको-निवास संहितेने मर्यादा घालून दिली आहे: भिंती-खिडक्यांतून घरात शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला सरासरी १५ वॅटच्या वर नको. आपल्या जुन्या घरांचे रुंद छज्जे, पडव्या, लाकडी झडपा हेच काम करत होत्या. १९६६ च्या नगररचना कायद्याने विकास नियंत्रण नियमावलीत बदल करण्याचा अधिकार शासनाला दिलेला आहे. तो वापरा. उष्णतेचा हा हिशेब प्रत्येक मोठ्या निवासी इमारतीच्या नकाशासोबत मागा, आणि भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी उभ्या इमारतीवर जाऊन तो तपासून घ्या. पश्चिमेला उघडी काच लावणाऱ्याला परवानगी देऊ नका.

आणि एक विनंती. हा नियम लिहायला बसाल, त्याआधी मे महिन्यातले दोन दिवस चंद्रपूरला काढा. दुर्गापूरच्या खाणीकडून शहरात या, आणि तिथल्या कुठल्याही गच्चीवर पांढरं फडकं रात्रभर पसरून ठेवा.

आपली नम्र,
ठाण्यात राहणारी एक चंद्रपूरकर