उंबऱ्याबाहेरची माया

दवाखान्यातून घरी सोडलं की दुखणं संपलं, असं आपल्याकडं मानतात. मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. कुणी फळं आणतं, कुणी कुंद्याचा डबा. ‘आराम अदीरी?’ म्हणून कन्नडमधून चौकशी होते आणि चहा येईपर्यंत मराठीतून चार सल्लेही मिळतात. स्टेमसेल प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या घरी मात्र हे चालत नाही. तिथं घरी येणं हाही उपचाराचाच भाग असतो.

माझा आज ७८ वा दिवस. धाकट्या बहिणीच्या रक्तातून काढलेल्या मूळ पेशी माझ्या अंगात सोडल्या, तो दिवस शून्य धरायचा आणि पुढं मोजत जायचं. यात चिरफाड काही नसते. रक्ताची बाटली चढवावी तशी ती पिशवी चढवली. अवघड असतं ते त्याआधीचं आणि त्यानंतरचं. आधी औषधांनी माझा जुना मगज रिकामा केला होता. दवाखान्यातले चार आठवडे आणि बेंगळुरूतल्या भाड्याच्या खोलीतला महिना संपवून आता मी बेळगावला घरी आहे. पहिले शंभर दिवस फार जपायचे, असं डॉक्टरांनी बजावलंय.

का जपायचं, ते सांगते. पांढऱ्या पेशींचा आकडा वाढला तरी त्या अजून नवख्या आहेत. लहानपणी टोचून घेतलेल्या लसींची आठवणसुद्धा शरीर विसरून जातं. त्या सगळ्या पुन्हा घ्याव्या लागणार. गोवरासारखी जिवंत लस तर साधारण दोन वर्षांनी. म्हणजे वय पंचेचाळीस, पण प्रतिकारशक्ती तान्ह्या बाळाची! आणखी एक गंमत अशी, की माझा रक्तगट ‘ओ’ होता. तो हळूहळू बहिणीचा ‘बी’ होणार आहे.

दुसरी काळजी उलट्या बाजूची. बहिणीच्या पेशींना माझं शरीर परकं वाटू शकतं. मग अंगावर पुरळ येतं, जुलाब होतात, डोळे पिवळे दिसतात. मराठी घरातून कन्नड घरात सून म्हणून आले, तेव्हा पहिलं वर्ष मलाही सगळं परकंच होतं. तसंच हे. दोघांची नीट ओळख होईपर्यंत भांडण होऊ नये म्हणून बारा-बारा तासांनी गोळ्या घ्याव्या लागतात. त्या गोळ्यांबरोबर पपनस चालत नाही. रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासायचं असेल त्या सकाळी आधी रक्त द्यायचं, मगच गोळी.

स्वयंपाकघराचे नियम साधे आहेत. ताजं, पूर्ण शिजलेलं, गरम गरम. तव्यावरची जोंधळ्याची भाकरी, डाळ, शिजवलेली भाजी. मेथीची पचडी, कच्चा कांदा, बाजारातली मिठाई बंद. आमच्या अत्तेंना हे सोपं नव्हतं. त्यांनी सौंदत्तीहून यल्लम्माचा भंडारा आणला होता. मी काही बोलायच्या आत त्यांनीच तो देवघरात ठेवला. ‘नूर दिवस आगली,’ म्हणाल्या. शंभर दिवस होऊ देत. इतका समजूतदारपणा शिकलेल्या पाहुण्यांतही मला क्वचितच दिसला.

दारातल्या तुळशीला पाणी आता मुलगी घालते, कारण मातीतली बुरशी माझ्या फुप्फुसाला बाधू शकते. शेजारी बांधकाम निघालंय, म्हणून त्या बाजूची खिडकी बंद. ताप १००.४ झाला, तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, आधी दवाखान्यात फोन. मनानं तापाची गोळी घ्यायची नाही, कारण ताप दबला की आतला संसर्ग कळत नाही.

सगळ्यांत जास्त छळतो तो थकवा. आंघोळ केली की अर्धा तास आडवं व्हावं लागतं. तोंडाची चव गेलीय. आरशात केस नाहीत. अशा वेळी दार लावून बसणं जिवावर येतं. माणसं हवीशी वाटतात, आणि नेमकी तीच लांब ठेवायची!

म्हणून तुमच्या ओळखीत असं कुणी घरी आलं असेल, तर एवढं करा. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. बरे असाल तरी आधी विचारा, हात धुवा, तोंडाला मास्क लावा, लहान मुलांना नेऊ नका. फुलं नेऊ नका. त्यापेक्षा रक्ततपासणीच्या दिवशी गाडी घेऊन जा. घरच्या माणसाला दोन तास झोपू द्या. त्यांच्या मुलांना जेवायला बोलवा. भारतात असं पहिलं प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झालं. तेव्हापासून औषधं पुष्कळ सुधारली, पण घरी आल्यावरची ही राखण अजून माणसांनीच करायची आहे.

आणि फोन जरूर करा. मराठीत करा, कन्नडमध्ये करा. फक्त दुपारी चारनंतर. त्याआधी मी झोपलेली असते.