शेपटी तुटली, पण आधी काय तुटलं होतं?



१२ ऑगस्ट १९८५. टोकियोहून ओसाकाला निघालेल्या जपान एअरलाइन्सच्या बोईंग ७४७ विमानाची उभी शेपटी उड्डाणानंतर बाराच मिनिटांत तुटली. विमान वळवण्याची यंत्रणा बंद पडली. वैमानिक अर्धा तास झुंजले. विमानात ५२४ माणसं होती, वाचली फक्त ४.

"शेपटीच कच्ची असणार," असं कुणीही म्हणेल. तपास करणारे तिथे थांबले नाहीत. त्यांनी अवशेष तपासून विचारलं, आधी काय तुटलं? उत्तर सात वर्षं मागे सापडलं. १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना याच विमानाचा मागचा भाग धावपट्टीला घासला होता. विमानातल्या हवेचा दाब अडवणारी मागची भिंत तेव्हा दुरुस्त केली, पण जोडपट्टी अखंड न लावता दोन तुकड्यांत लावली. रिव्हेटच्या दोन ओळींनी पेलायचा भार एकाच ओळीवर आला. दप्तराच्या पट्ट्याला दुहेरी शिवण हवी आणि एकेरीच मारावी, तसं हे झालं.

प्रत्येक उड्डाणात भिंतीवर दाब यायचा, उतरल्यावर जायचा. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, हे मुलांकडून वर्गात करून घ्या. बारा हजारांहून जास्त उड्डाणांत भेगा वाढल्या, भिंत फुटली, हवा मागे घुसली आणि शेपटी गेली.

आता आपल्या केळापूर तालुक्यातल्या वर्गाकडे पाहू. नववीतलं पोरगं बीजगणितात नापास झालं की आपण म्हणतो, "लक्षच देत नाही." पण त्याचं गाडं पाचवीच्या अपूर्णांकातच अडलेलं असू शकतं. घरी कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या लेकराला पहिलीत प्रश्नाची भाषाच कळली नसेल. वरून ट्यूशन लावली तर ती एकेरी शिवणच ठरते. अशी मुलं दहावीत शाळा सोडतात आणि दोष त्यांच्याच माथी बसतो.

माझं मत स्पष्ट आहे. नुसती फुली मारून पेपर परत देऊ नका. मुलाला गणित मोठ्याने बोलत सोडवायला सांगा. अडलं की एक इयत्ता मागे जा, जमेपर्यंत जा. तिथून शिकवा आणि महिनाभराने पुन्हा तपासा. ही झाली दुहेरी शिवण.

पालकांनीही "किती मार्क पडले?" याआधी "कुठे अडलं?" एवढं विचारावं.