राग पाप? कुणाचा राग?

दोस्तांनो, लोणावळ्यातले माझे ख्रिस्ती झालेले दलित सोबती म्हणतात, राग पाप आहे, क्षमा कर. मी विचारतो, देवळात दोरीचा आसूड वळून बाजार उधळणारा येशू मग कोण होता? वाळल्या हाताच्या माणसाला शब्बाथाला बरं करावं का, असं विचारल्यावर गप्प बसणाऱ्यांकडं तो रागानंच बघतो, असं मार्क लिहितो.  पौलही रागात पाप करू नका म्हणतो. पाप सूडात आहे, पेटून उठण्यात नाही.

१९५० च्या राष्ट्रपती आदेशानं फक्त हिंदू दलित अनुसूचित जातीत धरला. १९५६ ला शीख आले, १९९० ला आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती दलित आजही बाहेर! धर्म बदलला, पण गावानं जात सोडली का?

२५ डिसेंबर १९२७, ऐन नाताळ. महाडला बाबासाहेबांच्या परिषदेनं मनुस्मृती जाळली. पोथी जाळली, माणूस नाही. त्याच तारखेला १९५४ साली बाबासाहेबांनी आपल्या मावळच्या वेशीवर, देहूरोडला, बुद्धमूर्ती बसवली. राग असा राबवायचा असतो.

सूर्य मावळायच्या आत राग सोडा, असं पौल सांगतो. कबूल! मग अन्यायही तेवढ्यातच मिटवा.