वेशाची रचना आणि अचौर्य

सांगली जिल्ह्यातील कुंडल हे गाव जैन समाजाला भगवान पार्श्वनाथांच्या तीर्थामुळे परिचित आहे, तर उर्वरित महाराष्ट्राला कुस्तीच्या मैदानामुळे. त्या मैदानात उतरणाऱ्या मल्लाचा लंगोट ही कोणा एकाची निर्मिती नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तो वेश सर्वांचा आहे. तो शिवण्यास वा विकण्यास कोणाची अनुमती लागत नाही. लेझीम पथकाचा फेटा आणि नऊवारी लुगडे यांचेही तसेच.

लयबद्ध जिम्नॅस्टिक्स, कलात्मक स्केटिंग, संगीताच्या साथीने सादर होणारी योगासने यांची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे वेश हा सादरीकरणाचाच भाग असतो. कोणत्या हालचालीत कोणता रंग उठून दिसावा, कापड किती ताणले जावे, शिवण कोठे आल्यास अंगाला काचणार नाही, याचा विचार करून रचनाकार नमुना बेततो, उसवतो आणि पुन्हा शिवतो. स्पर्धा संपताच त्या वेशाचे छायाचित्र दुसऱ्या शिलाई केंद्रात पोहोचते व तसाच वेश निम्म्या दरात तयार होतो. हा दर कमी का, याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. कापड, मजुरी व नफा तिन्ही तेथे मांडलेले असतात. केवळ विचाराचा खर्च मांडलेला नसतो, कारण तो दुसऱ्याने केलेला असतो. मूळ रचनाकाराच्या हातची पुढील मागणी मात्र जाते.

हा प्रश्न अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चीअरलीडिंग संघांचे गणवेश बनविणाऱ्या व्हर्सिटी ब्रँड्स या कंपनीने स्टार अ‍ॅथलेटिका या कंपनीविरुद्ध दावा केला होता. 22 मार्च 2017 रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की गणवेशावरील पट्टे, रंग व आकृत्या यांची मांडणी वस्त्रापासून वेगळी कल्पिता येत असेल, तर तिला स्वामित्वहक्काचे संरक्षण मिळू शकते. गणवेशाचा सर्वसाधारण आकार व बेत मात्र सर्वांना खुला राहिला. सामायिक काय आणि स्वतंत्र काय, यांतील सीमारेषा त्या निर्णयाने स्पष्ट केली.

भारतातील व्यवस्था व्यापाऱ्याने नीट समजून घेण्याजोगी आहे. डिझाईन अधिनियम, 2000 अन्वये नोंदविलेल्या रचनेला 10 वर्षे संरक्षण मिळते व ते आणखी 5 वर्षे वाढविता येते. मात्र रचना नवी असावी लागते. म्हणून ती दुकानात मांडण्यापूर्वीच नोंदणीचा अर्ज करणे हिताचे. नोंदणीयोग्य असूनही न नोंदविलेल्या रचनेच्या वस्तू मालकाने अथवा त्याच्या परवानगीने इतर कोणी औद्योगिक प्रक्रियेने 50 पेक्षा अधिक तयार केल्या, की स्वामित्वहक्क अधिनियम, 1957 नुसार त्या रचनेतील हक्क संपुष्टात येतो. नोंदविलेल्या रचनेची नक्कल शिवणाराच नव्हे, तर ती नक्कल आहे हे ठाऊक असताना विक्रीस मांडणाराही भरपाईस पात्र ठरतो.

पुष्कळ लहान रचनाकार नोंदणीपर्यंत पोहोचतच नाहीत. तेथे कायदा थांबतो आणि व्रताचा प्रश्न सुरू होतो. आचार्य उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोट्या मापांबरोबर ‘प्रतिरूपक व्यवहार’ही येतो. अस्सल मालाच्या जागी त्यासारखा दिसणारा माल देणे, असा त्याचा रूढ अर्थ. दुसऱ्याच्या कल्पनेवर आपल्या दुकानाची चिठ्ठी लावणे त्याहून फार दूर नाही.

शाळेने वा क्रीडामंडळाने छायाचित्र पुढे करून ‘अगदी असाच वेश हवा’ म्हटले, तर कापड दुकानदाराने प्रथम तो कोणाचा हे विचारावे. रचनाकार सापडल्यास त्याच्याकडूनच शिवून घ्यावे, अथवा ठरलेला मोबदला देऊन अनुमती घ्यावी व तशी नोंद बिलात करावी. तेही शक्य नसल्यास नवा नमुना काढण्याचे काम गावातील एखाद्या कुशल हाताला द्यावे. त्यात चार पैसे अधिक लागतील. परंतु ते ज्याच्या श्रमाचे, त्याच्याच खाती जमा होतील.