बेअरिंग बदललं, सील कोण बदलणार?

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली की आपल्याकडे तीन गोष्टी ठरलेल्या. इंजिन ऑइल बदलायचं, सीटा उन्हात वाळवायच्या, आणि गाडी एकदा सुरू झाली की मित्राला फोन करून "वाचली रे!" म्हणायचं. चाकांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग दिवाळीच्या सुमारास चाकातून घूं-घूं सुरू होतं. मेकॅनिक म्हणतो, "बेअरिंग गेलं साहेब." आपण बेअरिंग बदलतो आणि होळीला पुन्हा तोच आवाज. याला दुरुस्ती म्हणायला मी तयार नाही.

बदलापूर-अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात राहणाऱ्याला तर हे परवडणारंच नाही. एकीकडे उल्हास नदी, दुसरीकडे वालधुनी. २६ जुलै २००५ च्या गोष्टी अजून घरोघरी निघतात. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली, हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले, टीव्हीवर दिवसभर तेच. पार्किंगमध्ये बुडालेल्या गाड्यांची बातमी कोण करणार? आरटीओच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो, आपल्या गाड्या जुलैत काही तास उभयचर असतात!

आणि खरी उभयचर गाडी बनवणारा काय करतो बघा. सहा-आठ चाकांच्या त्या छोट्या गाड्यांचा ऍक्सल बोटीसारख्या बॉडीला भोक पाडून बाहेर येतो, तोही पाण्याच्या पातळीखाली. म्हणजे गळती होणार हे धरूनच चाललेलं असतं. तिथे सील असतं, बेअरिंग ग्रीसने गच्च भरलेलं असतं, आणि पाण्यातून आल्यावर नवं ग्रीस पंप करून पाणी मिसळलेलं जुनं ग्रीस बाहेर ढकलायचं असतं. शिवाय तळाशी पाणी उपसायचा पंप. आपली गाडी यातलं काहीच घेऊन पाण्यात उतरत नाही.

आता पाणी आत शिरतं कसं? गाडी चालून हब आणि ऍक्सल तापलेले असतात. तशीच ती थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी सीलच्या कडेतून आत ओढलं जातं. जीपसारख्या गाड्यांच्या मागच्या ऍक्सलवर हवा खेळती राहावी म्हणून एक ब्रीदर असतो, पण तो बहुतेकदा चिखलाने बुजलेला. किंवा इतका खाली की तोच पाणी पितो. मग गिअर ऑइल उघडून बघा, चहासारखं दुधाळ! हॅचबॅक आणि स्कूटरला सीलबंद बेअरिंग असतं म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, ती रबरी चकती धूळ आणि शिंतोड्यांसाठी असते, चार तास पाण्यात उभं राहण्यासाठी नाही. आत गेलेलं पाणी गुपचूप गंज धरतं. आवाज यायला तीन महिने लागतात, इतकंच.

आवाज बेअरिंगमधून येतो म्हणून बेअरिंग बदललं जातं. पण चोर आला तो दरवाजा सीलचा ना? तेच जुनं सील स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं आणि हातोडीने ठोकून परत बसवायचं, ही आपली पद्धत. शाफ्टवर सीलच्या ओठाने पाडलेली खाच कुणी नखाने चाचपूनसुद्धा बघत नाही. तिथे नवं सील टाकलं तरी गळणारच, शाफ्टवर स्लीव्ह चढवावी लागते. उल्हासनगरच्या एका मेकॅनिकला मी हे विचारलं तर म्हणाला, "साहेब, सील चांगलंय, उगाच कशाला खर्च?" अहो, त्या अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त तेच आहे! (विनोद असा की नौदलासाठी साहित्याचं संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा इथेच अंबरनाथला आहे, आणि आपलं सील मात्र हातोडीने बसतं.)

पण मेकॅनिकला किती बोलायचं? आपण त्याला "किती होतील?" विचारतो, "पाणी कुठून आलं?" नाही. ऑफिसात मूळ कारण सापडल्याशिवाय तिकीट बंद करू न देणारे आपण, गॅरेजमध्ये मात्र रीस्टार्टवर खूश. विमा कंपनीचंही फावतं. मोटर पॉलिसीत झीज कव्हर होत नाही. जुलैत सर्व्हेअर येतो तेव्हा हब कुणी उघडत नाही, आणि नोव्हेंबरमधला आवाज ही 'झीज' ठरते. पटवून दाखवा बघू, की ते पुराचं पाणी होतं!

अमेरिकेत १ मे १९९९ ला आर्कान्सॉमधल्या लेक हॅमिल्टनमध्ये 'मिस मॅजेस्टिक' नावाची पर्यटकांची उभयचर गाडी बुडाली. १३ माणसं गेली. शाफ्टभोवतीचं रबरी आवरण दुरुस्तीत नीट आवळलेलं नव्हतं, आणि चौकशीत ठपका आला तो देखभाल-दुरुस्तीतल्या हयगयीवर. आपली गाडी तळ्यात बुडणार नाही, मान्य. पण काटई-बदलापूर रस्त्यावर साठच्या वेगात पुढचं चाक जाम झालं तर शेजारून जाणाऱ्या बाइकवाल्याने काय करायचं?

तेव्हा यंदा पाणी भरलं तर गाडी सुरू करून बघू नका, टो करून न्या. चारही हब उघडायला लावा, फोटो काढा, आणि सील नव्या बेअरिंगसकट एस्टिमेटमध्ये लिहून घ्या. जीपवाल्यांनी ब्रीदरला नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधावी. आणि "सील चांगलंय" असं कुणी म्हणालंच, तर ते जुनं सील हातात मागून त्याचा ओठ बोटाने दुमडून बघा. कडक झालेला असेल, तर पुढचं बोलणं तुम्ही करायचं.