सोडणाऱ्यांचे मंडळ

दारू सोडणे हे एकट्या माणसाने, निव्वळ मनोबलावर आणि शक्यतो चार लोकांना कळू न देता उरकायचे काम आहे, ही मराठी समाजातील समजूत सरत्या वर्षात इतक्या वेळा आणि इतक्या थरांतून पुढे आली की यंदाच्या संपादकीयाची जागा अखेर तिनेच अडवली. 'मनात आणले तर आज सुटेल' हे वाक्य घरातले बोलतात, कचेरीतले बोलतात आणि पिणारा स्वतःही बोलतो. मनात आणूनही ज्याची सुटत नाही, त्याच्या घरच्यांसाठी याच समजुतीची दुसरी बाजू छोट्या जाहिरातींत छापलेली असते : पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा, औषधाला रंग नाही, वास नाही, चहातून द्या किंवा वरणातून द्या. अशी एक जाहिरात प्रस्तुत अंकाकडेही आली होती. दिवाळी अंकाच्या अर्थकारणाची प्रकृती किती तोळामासा असते हे नेहमीच्या वाचकांना सांगायला नको. तरीही ती परत पाठवली गेली, आणि ती का पाठवली याचा खुलासा करणे हेच या मजकुराचे काम आहे.

वर्षात घडले पुष्कळ. महाराष्ट्रातील अकरा आणि तमिळनाडूतील जिंजी असे बारा मराठा किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. पहिलीपासूनच्या हिंदीचा निर्णय निघाला, पेटला आणि मागे घेतला गेला. सप्टेंबरच्या पावसाने मराठवाड्यातील उभी पिके मातीसकट वाहून नेली. किल्ल्यांच्या निमित्ताने हा अंक दुर्गविशेषांक झाला असून त्यात यादीबाहेरच्या आणि महाराष्ट्राबाहेरच्या किल्ल्यांनाही जागा दिली आहे. त्यांपैकी एक लेख झाशी जिल्ह्यातील समथरच्या किल्ल्यावर आहे. झाशीच्या ईशान्येला असलेले हे गाव एका गुर्जर राजघराण्याची राजधानी होते आणि या संस्थानाने १८१७ साली इंग्रजांशी तह केला. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मात्र राणीची झाशी एवढी मोठी उभी असते की तिच्या मागचे समथर त्याला सहसा दिसत नाही. किल्ल्यांचा आणि दारू सोडण्याचा संबंध ओढूनताणून आणलेला आहे हे मान्य करावे लागेल. तो एवढाच की, उत्तर भारतातील रस्त्यांच्या आणि रेल्वेमार्गांच्या कडेच्या भिंतींवर 'बिना बताए' दारू सोडवून देणारी जी चुन्या-गेरूची अक्षरे दिसतात, त्यांची आणि मराठी वर्तमानपत्रांतील छोट्या जाहिरातीची जातकुळी एक आहे, आणि समथरसारख्या छोट्या गावातील माणसाला दारू सोडताना सोबत कोठून मिळणार, हा प्रश्न तेथे जेवढा खरा आहे तेवढाच तो आपल्या तालुक्याच्या गावीही आहे.

प्रथम जाहिरातीतल्या त्या औषधाच्या पुडीविषयी. दारूची शिसारी आणणारे डायसल्फिराम नावाचे एक औषध वैद्यकात खरोखरच आहे. शरीरात गेलेल्या मद्यार्काचे यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड या विषारी द्रव्यात आणि मग निरुपद्रवी घटकांत रूपांतर होते. हे औषध त्यातील दुसरा टप्पा अडवते, त्यामुळे ते विष रक्तात साचून चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात आणि रक्तदाब घसरतो. हृदयविकार असलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रकार जिवावर बेतू शकतो, म्हणूनच डॉक्टर ते रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीने आणि देखरेखीखाली देतात. हेच औषध चहात मिसळून देणाऱ्या घरात दारू सुटण्याच्या आधी विश्वास सुटतो. आणि ज्या पुडीत काय आहे हेच ठाऊक नाही, तिच्याविषयी तर बोलायलाच नको. याच्या उलट टोकाला, रोज भरपूर पिणारा माणूस घरच्यांच्या आग्रहाने एका सकाळी सर्व बंद करतो, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच्या हातातील बशी वाजू लागते, घाम फुटतो, झोप उडते आणि काहींना आकडी येते किंवा नसलेली माणसे दिसू लागतात. या अवस्थेला विरहलक्षणे म्हणतात, ती वैद्यकीय उपचारांनी आटोक्यात येतात आणि उपचारांवाचून प्राणघातकही ठरू शकतात. त्या तिसऱ्या दिवशी 'बघा, याला सोडायचीच नाही' असा निकाल देणारे नातेवाईक प्रत्यक्षात एका आजाराचे लक्षण पाहत असतात.

एकट्याच्या मनोबलाची ही कल्पना मराठी मनात इतकी खोल का गेली, याचा शोध घेताना राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'कडे वळावे लागते. लेखकाच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेले हे नाटक मद्यपानाच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून शंभर वर्षे पाहिले गेले, आणि प्रेक्षक नायकाची पत्नी सिंधू हिच्यासाठी रडून घरी गेले. परंतु त्यातील माणसांची मांडणी नीट पाहिली तर वेगळेच काही हाती लागते. पिणाऱ्यांसाठी नाटकात एक संस्था आहे, आर्य मदिरा मंडळ. तिला सभासद आहेत, बैठका आहेत, विनोद आहे आणि नव्या माणसाला हाताला धरून आणणारा तळीराम आहे. नायक सुधाकर दारू सोडतो तेव्हा त्याच्यासाठी असे कोणतेही मंडळ नाही. शपथ घेऊन तो जुन्या ओळखीच्या लोकांकडे कामधंदा मागायला जातो, तेथे त्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, अपमान पदरी येतो आणि पाय पुन्हा जुन्या वाटेला लागतात. याच नाटकात भगीरथही पिणारा आहे, आणि तो सुटतो. कारण निराशेच्या त्या टप्प्यावर त्याला रामलाल भेटतो आणि जगायला एक काम देतो. बुद्धीने आणि करारीपणाने सुधाकर भगीरथापेक्षा उणा नाही. फरक पडतो तो सोबतीने. हा धडा नाटकातच होता, पण महाराष्ट्राने सुधाकराची शोकांतिका तोंडपाठ केली आणि भगीरथाला उपकथानक म्हणून सोडून दिले.

शासनाला या बाबतीत दोन भाषा येतात, महसुलाची आणि बंदीची. जून २०२५ मध्ये मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवताना वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपयांच्या जादा उत्पन्नाचा अंदाज मांडला गेला. दुसरीकडे चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गावातील निम्म्या महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे बंदीच्या चिन्हाला, मत दिले की दुकान बंद करण्याची तरतूद महाराष्ट्रात आहे आणि तिच्यामागे बायांनी काढलेल्या खस्तांना तोड नाही. मात्र दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या गावातील रोजच्या पिणाऱ्याचे काय करायचे, याचे उत्तर त्या मतपेटीत नसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या पुढाकाराने २०१६ पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' उपक्रमात गावसंघटनेच्या जोडीला तालुक्यांच्या ठिकाणी उपचाराचे दवाखानेही आहेत. दोन्ही हात एकत्र चालवणारी अशी उदाहरणे थोडी.

सोबतीचे शास्त्र ज्यांनी सर्वांत आधी ओळखले ते डॉक्टर नव्हते, पिणारे होते. १९३५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील ॲक्रन शहरी कामासाठी आलेला बिल विल्सन हा शेअरबाजारातील माणूस, नुकतीच सोडलेली दारू पुन्हा खुणावते आहे हे जाणवताच, आपल्यासारख्याच दुसऱ्या पिणाऱ्याशी बोलायला मिळावे म्हणून दूरध्वनी करत सुटला आणि त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी पडली. दुसऱ्याला उपदेश करावा हा त्याचा हेतू नव्हता. स्वतः कोरडे राहण्यासाठी त्याला समोर कोणीतरी हवे होते. आधार घेणारा आणि देणारा यांच्यातील उच्चनीचपणा नाहीसा करणारी ही युक्ती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे अनामिक मद्यपींची संघटना, हिच्या मुळाशी आहे. भारतात ती १९५७ मध्ये आली. तिच्या सभेत पाहण्यासारखे फारसे काही नसते : शाळेचा वर्ग किंवा चर्चची मागची खोली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, उभा राहिलेला माणूस फक्त पहिले नाव सांगून आपण मद्यपी आहोत असे म्हणतो, आपल्या वाट्याच्या मिनिटांत घडले ते सांगतो, आणि मध्ये कोणी सल्ला देत नाही की प्रश्न विचारत नाही. याला तेथे 'शेअरिंग' म्हणतात. शेवटी एक पिशवी फिरते, तिच्यात ज्याला जमेल ते नाणे पडते, कारण बाहेरची देणगी घ्यायची नाही हा नियम आहे. जुना सभासद नव्याचा 'स्पॉन्सर' होतो, म्हणजे रात्री अकराला तल्लफ आली तर ज्याला फोन करायचा तो माणूस. जन्मभराची शपथ कोणी मागत नाही; आजचा दिवस पहिला प्याला टाळायचा, एवढेच ठरते, आणि कोरड्या राहिलेल्या वर्षाचा 'वाढदिवस' साजरा होतो. शपथांवर पोसलेल्या आपल्या समाजाला हा हिशेब फार किरकोळ वाटतो. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे उपलब्ध संशोधने एकत्र तोलून पाहणाऱ्या पद्धतशीर परीक्षणात, २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसे विचारात घेतल्यावर असे दिसले की, पूर्ण वर्ज्य करण्याच्या कसोटीवर या वाटेने नेणारे नियमबद्ध उपचार इतर नावाजलेल्या मानसोपचारांपेक्षा कमी तर नाहीतच, काकणभर सरसच आहेत.

महाराष्ट्रात ही दृष्टी रुजवली ती पुण्याच्या 'मुक्तांगण'ने. लेखक अनिल अवचटांच्या गर्द या मादक पदार्थावरील लेखनाने अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून १९८६ मध्ये येरवड्यात उभे राहिलेले हे केंद्र डॉ. अनिता अवचट यांनी घडवले. तेथून बरे होऊन बाहेर पडलेलेच पुढे तेथे कार्यकर्ते झाले, पाठपुराव्याच्या सभा गावोगावी गेल्या आणि पिणाऱ्यांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा वेगळा गट निघाला. या शेवटच्या गोष्टीचे मोल अजून नीट ओळखलेले नाही. नवऱ्याच्या बाटल्या लपवणे, त्याच्या साहेबाला खोटी आजारपणे कळवणे, उधाऱ्या फेडणे आणि वर 'हिच्या स्वभावामुळेच पितो' हे ऐकून घेणे यांत वर्षे गेलेल्या बाईला, तीच वर्षे काढलेल्या दुसऱ्या बाईखेरीज कोण समजून घेणार?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सोबतीचा उपयोग केवळ पूर्ण हाताबाहेर गेलेल्यांनाच होतो असे नाही. गोव्यातील 'संगत' संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ३७७ पुरुषांवर एक चाचणी घेतली. हे सर्व धोकादायक प्रमाणात पिणारे, पण व्यसनाच्या शेवटच्या पायरीपर्यंत न गेलेले होते. त्यांतील निम्म्यांशी, वैद्यकीय पदवी नसलेल्या परंतु रीतसर शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांनी, एक ते चार भेटींत संवाद साधला : कधी पिणे होते, कोणाबरोबर होते, किती कमी करता येईल. तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण या गटात ३६ टक्के आणि नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात २६ टक्के निघाले. 'लॅन्सेट'ने छापलेल्या या निष्कर्षाचा अर्थ असा की, आस्थेने आणि पद्धतशीर बोलणारा गावातला माणूसही पुष्कळ काही करू शकतो.

समथरसारख्या, आणि आपल्याकडील कोणत्याही तालुकावजा गावाच्या संदर्भात हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो, कारण अनामिकता ही शहराची सोय आहे. जेथे चपलांवरून माणूस ओळखला जातो, तेथे केवळ पहिले नाव सांगून भागत नाही. अशा ठिकाणी लपवण्यापेक्षा उघड सांगण्याचीच वाट शोधावी लागते, आणि ती मराठी मुलखाला अपरिचित नाही. वारकऱ्याने गळ्यात तुळशीची माळ घातली की त्याने दारू आणि मांसाहार सोडल्याचे साऱ्या गावाला कळते. मित्र आग्रह करत नाहीत, दिंडीत जागा मिळते आणि भजनाची संध्याकाळ नेमकी गुत्त्याच्या वेळेला येते. माळ खुंटीला टांगून लग्नाच्या वरातीत जाणारेही असतात, हे गावकऱ्यांना माहीत असते. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गळ्यात घालायला लावणारे चार जणही त्याच गावात असतात. घसरलेल्याला परत येण्याची वाट राहिली पाहिजे, हे बिल विल्सनच्या कितीतरी आधी येथे व्यवहारात होते. फक्त या व्यवस्थेला उपचार म्हणण्याचे कोणाच्या मनात आले नाही, आणि ज्यांची श्रद्धा नाही त्यांच्यासाठी तिचा धर्मनिरपेक्ष अवतार कोणी काढला नाही.

केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात ५ कोटी ७० लाख लोकांना मद्याच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे आणि मद्यावर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांसाठी व्यसनमुक्ती केंद्रे बांधत बसायचे म्हटले तर पिढ्या जातील. मराठी गावांत खोल्यांची मात्र वाण नाही : सार्वजनिक वाचनालये आहेत, गणेशोत्सव मंडळांची अकरा महिने कुलूपबंद कार्यालये आहेत, समाजमंदिरे आहेत. या अंकाचे वाचक अशा पुष्कळ संस्थांचे पदाधिकारी आहेत. त्यांनी आठवड्यातील एक संध्याकाळ एक खोली सोडणाऱ्यांसाठी आणि दुसरी त्यांच्या घरच्यांसाठी मोकळी ठेवावी. भाडे घेऊ नये, हजेरीवही ठेवू नये, उद्घाटनाला पुढारी बोलावू नये आणि घसरून परत आलेल्याला दारातून माघारी धाडू नये. जवळच्या अनामिक मद्यपींच्या गटाला किंवा मुक्तांगणला पत्र टाकून सभा कशी चालवावी हे विचारून घ्यावे, आणि रोज पिणाऱ्याला अचानक बंद करायला लावण्याआधी डॉक्टरांकडे न्यावे. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक १४४४६ असा आहे. तो निःशुल्क आहे.